सात हातांची साखळी

एका राज्यात सोडवणीचा दिवस पाळत असत. सुगी संपली, कणग्या भरल्या, की दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरच्या गाईम्हशींची, घोड्यांची, शेळ्यांची, कुत्र्यांचीसुद्धा दावी सोडायची, गळ्यातल्या घंटा काढायच्या आणि वेशीचा दरवाजा सताड उघडायचा. जनावरं रानात जायची. दिवस मावळेपर्यंत जे परत येईल त्याच्यापुढे मूठभर मीठ ठेवायचं आणि म्हणायचं, "आलास, बरं केलंस." जे येणार नाही त्याच्या नावाने बोटं मोडायची नाहीत. किती पिढ्यांचा हा रिवाज ते विचारू नका, मलाही माहीत नाही.

त्या राज्याचा राजा चंद्रधवल. माणूस वाईट नव्हता हो, पण भारी रुसका! त्याची एक पांढरी घोडी होती, शुभा नावाची. सात सोडवणींना ती गेली आणि सातही वेळा परत आली. आठव्या वर्षी सगळी जनावरं आली, शुभा आली नाही. सूर्य डोंगराला टेकला होता, बुडायचा होता अजून. राजा म्हणाला, "दरवाजा लावा."

द्वारपाल म्हणाला, "महाराज, अजून ऊन आहे."

"यायचं असतं तर एव्हाना आली असती. लावा!"

आणि वर दवंडी पिटवली: यापुढे सोडवण बंद, जनावर बांधलेलंच राहील. स्वतः एक काळा घोडा आणून त्याने अंगणात सोन्याच्या साखळीने बांधला. साखळी सात हातांची.

तिसऱ्या दिवशी रानातून एक जोगीण आली. तिच्या जटांत साळुंकीचं घरटं होतं. जोगीण कधीच बोलत नसे, बोलायची ती साळुंकी. साळुंकी म्हणाली, "राजा, दाव्याला दोन टोकं असतात. एक जनावराच्या गळ्यात. दुसरं कुठे आहे ते आता कळेल." एवढं बोलून दोघी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि राज्यात हलकल्लोळ झाला. ज्याचं दावं जेवढं लांब, त्यापलीकडे त्याला जनावरापासून दूर जाता येईना. गाठ सुटेना, सुरीने दोर कापेना, खुंटा उपटेना. शेळीवाल्यांचे हाल तर विचारू नका, त्यांचं दावं जेमतेम दोन हात. विहीर समोर दिसतेय आणि घसा कोरडा!

त्यात राणीचा दूत आला. राणी बाळंतपणाला रानापलीकडे माहेरी गेली होती. दूत म्हणाला, "महाराज, कन्यारत्न झालं. बाराव्या दिवशी बारसं. राणीसाहेब म्हणतात, आपण आल्यावरच पाळणा हलवू."

राजा आनंदाने धावला आणि आठव्या हातावर तोंडघशी पडला. उठला, पुन्हा धावला, पुन्हा पडला. मग साखळी हातात घेऊन तो सगळ्यांदेखत मोठ्याने रडला. लेकीचं तोंड बघायचं होतं हो त्याला.

दूत परमुलखातला म्हणून मोकळा. बाकी अख्ख्या राज्यात मोकळं हिंडत होतं एकच माणूस, गोधड्या शिवणारी येसूबाई. तिच्या घरी होता फक्त एक बोका. बोक्याला कोण बांधणार? तो आपल्या मनाने येतो, आपल्या मनाने जातो, दूध मात्र वेळेवर मागतो. येसूबाई पहाटेपासून साऱ्या गावाला पाणी पोचवत होती. राजाने तिला बोलावलं.

"येसूबाई, जोगिणीला शोधा. सुटका कशी ते विचारा."

"जाते, महाराज. माझीही कंबर मोडली घागरी वाहून. तोवर घागरी हा दूत वाहील."

येसूबाई निघाली, मागून बोका निघाला. रानात जोगीण भेटली. साळुंकी म्हणाली, "तिघांना विचार, माणसाशी तुमचं काय ठरलं होतं? तीन उत्तरं आण, मग सांगेन."

पहिला भेटला कोळसुंदा, रानातला कुत्रा. तो म्हणाला, "आमचा एक आजा थंडीने काकडत तुमच्या शेकोटीशी आला. त्याला ऊब मिळाली. तो जागा राहिला म्हणून तुमच्या आजाला पहिल्यांदा गाढ झोप लागली. तेव्हापासून त्याचे दात बोथट झाले आणि तुमचे कान."

दुसरा भेटला गवा. तो म्हणाला, "आमची एक आत्या मिठासाठी आणि वाघाच्या भीतीने तुमच्याकडे आली. तिची वासरं वाचली, पण शिंगं आखूड झाली. आणि तुम्ही? सदा हिंडणारे लोक तुम्ही. तिच्यासाठी चारा साठवलात, भिंती घातल्यात, तिथेच राहिलात. कुणी कुणाला पाळलं, तूच सांग."

"मला काय विचारतोस? मी गोधड्या शिवते," येसूबाई म्हणाली. पण वाटभर तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं.

तिसरी भेटली पांढरी घोडी, शुभाच ती! पोटाशी लटपटत्या पायांचं शिंगरू. ती म्हणाली, "आमचं ठरलेलं सोपं होतं. त्याने सोडायचं, मी यायचं. दिवस भरले नव्हते, पण त्या दुपारी हे रानातच झालं. याच्या चालीने निघाले. वेशीशी पोचले तेव्हा ऊन होतं, दरवाजा मात्र बंद होता. अजूनही रोज संध्याकाळी जाते, बंद दारापुढे उभी राहते आणि परत येते."

"अगं बाई!" म्हणून येसूबाईने पदर डोळ्यांना लावला.

तीन उत्तरं ऐकून साळुंकी म्हणाली, "जनावराच्या कानात 'जा' म्हणावं आणि मनातही 'जा'च असावं. हे राजाने करावं. तो सुटला की सगळे सुटतील."

बाराव्या दिवशी सकाळी येसूबाई परतली आणि तिने सगळं सांगितलं. राजाने एवढंच विचारलं,

"ऊन होतं म्हणाली?"

"होय, महाराज."

राजा काळ्या घोड्याच्या कानाशी गेला. "जा," म्हणाला. मनात म्हणाला, संध्याकाळी ये मात्र. साखळी हलली नाही. पुन्हा म्हणाला, "जा." मनात म्हणाला, म्हणजे मी सुटेन. साखळी हलली नाही. मग त्याचा हात घोड्याच्या मानेवर गेला. साखळीने तिथले केस घासून गेले होते, कातडी उघडी पडली होती. राजाला स्वतःचीच लाज वाटली. "जा रे बाबा," तो म्हणाला. "नाही आलास तरी तुझं भलं होवो."

साखळी गळून पडली. त्याच क्षणी राज्यातलं दावं न् दावं सुटलं आणि सारी जनावरं वेशीबाहेर पडली.

दूत पुढे झाला. "महाराज, आज बारावा दिवस. आत्ता निघालात तर पायीसुद्धा संध्याकाळपर्यंत पोचाल."

राजा म्हणाला, "एकदा मी थांबलो नाही. आज थांबतो."

दिवसभर तो वेशीत उभा राहिला, हातात मीठ घेऊन. सूर्य कलला तशी जनावरं येऊ लागली. सगळी नाही आली. काळा घोडा आला नाही, पण राजाने बोटं मोडली नाहीत. सूर्य बुडाला तरी दरवाजा उघडाच होता. तेव्हा कुठे पांढरी घोडी दिसली, मागे शिंगरू.

"उशीर झाला, राजा."

"उशीर मला झाला. आलीस, बरं केलंस." तिने मीठ चाटलं. "मला लेकीकडे नेशील?"

घोडीने पाठ पुढे केली. ना लगाम, ना खोगीर. पण शिंगरू दर कोसाला दमायचं, तेव्हा राजा उतरायचा आणि त्याच्या चालीने चालायचा.

माहेरचा वाडा आला तेव्हा उजाडत होतं. बारावा दिवस कधीच सरला होता. राजा बघतो तर दरवाजा सताड उघडा! दारातच राणी बसलेली, मांडीवर बाळ.

राजा म्हणाला, "मला वाटलं, दार लावलं असेल."

राणी म्हणाली, "येणारं माणूस वाटेत असताना दार कसं लावायचं?"

राजाने लेकीला उचलून घेतलं. शिंगराने मान पुढे करून तिच्या पायाला नाक लावलं आणि ती हसली. मग पाळणा हलला.

सोडवण पुन्हा सुरू झाली, आणि त्या दिवशी वेशीचा दरवाजा दुसऱ्या सकाळपर्यंत उघडा राहू लागला. राजाने येसूबाईच्या बोक्याला रत्नजडित पट्टा देऊ केला. ती म्हणाली, "महाराज, तेवढं सोडून काहीही द्या." बोका तिच्या गोधडीवर झोपला होता, आपल्या मनाने.

त्यांचं दार उघडं राहिलं, तसं तुमचं-आमचं राहो. वाटेत असेल ते घरी येवो.