मागचा भात

एकदा एका नदीकाठच्या मठात एका धनिक शेठजींनी वडिलांच्या पुण्यतिथीचे अन्नदान ठेवले होते. त्या दिवसांत मठाच्या आवारात नदीपलीकडून आलेली काही कुटुंबे राहत होती. पलीकडच्या सरदाराने वस्ती जाळली म्हणून ती अलीकडे आली. गावाचा घाट त्यांनीच बांधला. घाट पुरा झाला आणि मग गावाला आठवले की ही माणसे परकी आहेत. कोतवालाने दवंडी पिटवली: यांना आज सूर्यास्तापूर्वी नदीपार सोडण्यात येईल. घाईचे कारण सर्वांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायाधीश गावात येणार होते, आणि सूर्यास्त उलटला की दवंडीचा हुकूम संपून प्रकरण त्यांच्यापुढे जाणार होते. न्याय पोचण्याआधी काम उरकून टाकायचे, ही अधिकाऱ्यांची जुनी रीत आहे.

मठाच्या वृद्ध महाराजांनी त्या दुपारी पंगत मुद्दाम उशिरा मांडली आणि पहिल्या पानांवर ही परकी माणसे बसवली. शेठजी संतापले. आधी गावकरी, उरले तर मागल्या अंगणात हे, असे त्यांचे म्हणणे. महाराजांनी एवढेच विचारले, की पुण्य वडिलांना पोचवायचे आहे की गावकऱ्यांना. शेठजी धुसफुसत बाजूला झाले.

वाढप महाराजांच्या शिष्याकडे होते. या माणसांच्या मुलांना ओसरीवर तोच अक्षरे शिकवी, त्यामुळे बुंदी वाढतानाही त्याचे कान वेशीकडे होते. पोळ्या झाल्या, बुंदी झाली. ताक घालून शेवटी वाढायच्या भाताचे पातेले त्याने चुलीवरून उचलले, तेव्हा महाराजांनी त्याचा हात धरला.

"मागचा भात वाढू नकोस. चुलीवरच राहू दे."

शिष्याला उलगडा होईना. मागचा भात झाल्याशिवाय पंगत पुरी होत नाही आणि कोणी पानावरून उठत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक. पळून जायचे तर हीच वेळ, आणि महाराजांनी सगळ्यांना जागीच खिळवून ठेवले होते. उन्हे उतरू लागली. मुले चुळबुळ करू लागली. झेलू नावाच्या एका बाईने त्याला हळूच विचारले, "दादा, आमचं काही चुकलं का?" त्याने तिच्या पानात आणखी बुंदी वाढली.

तेवढ्यात कोतवाल शिपायांसह आवारात शिरला आणि त्याने पंगतीला उठायला फर्मावले. पण पुढे धावले ते शेठजी.

"अहो, थांबा. मागचा भात व्हायचाय अजून."

कोतवाल हसला. "शेठ, काल तुम्हीच मागे लागला होता ना, यांना हाकला म्हणून?"

"ते काल. आज वडिलांचं पान आहे. अर्धी पंगत उठवलीत तर मी त्यांना काय तोंड दाखवू?"

जेवणाऱ्याला पानावरून उठवण्याचे पाप कोतवालालाही नको होते. तो ओट्यावर टेकला आणि भात लवकर आणा म्हणाला. महाराज शांतपणे उत्तरले, "गरम भातावर ताक घालत नाहीत, कोतवालसाहेब. निवू द्या."

भात निवला तेव्हा सूर्य बुडाला होता. कोतवाल चरफडत निघून गेला.

शेठजींच्या आता ध्यानात आले. आपल्या वडिलांना तुम्ही ढालीसारखे वापरलेत, असे त्यांनी महाराजांना तोंडावर सुनावले.

"वापरले," महाराज म्हणाले. "नाहीतर तुमच्या बुंदीचे काय झाले असते? पोट भरून माणसाला जळक्या वस्तीत परत धाडायचे, याला दान म्हणत नाहीत, शेठजी. ते निरोपाचे जेवण. ज्या हाताने वाढले त्याच हाताने दारही अडवायला हवे. आज वडिलांसाठी अडवलेत, उद्या यांच्यासाठी अडवा. मुलांना अक्षरे आम्ही शिकवू, पण शिकायला मुले गावात उरली पाहिजेत ना?"

शेठजी घरी गेले.

सकाळी न्यायाधीशांनी विचारले, "यांना ओळखणारा गावात घरदार असलेला कोणी आहे?" महाराजांना आणि शिष्याला घर नव्हते, त्यांचा शब्द चालणार नव्हता. वर्षानुवर्षे मठात जेवलेले गावकरी खाली बघू लागले. शेवटी शेठजी पागोटे सावरत उठले.

"मी ओळखतो. माझ्या वडिलांच्या पंगतीला जेवलेली माणसं आहेत ही."

"नावे सांगा."

शेठजींनी तोंड उघडले आणि मिटले. त्यांना एकही नाव ठाऊक नव्हते. कोतवाल गालात हसला. शिष्य नावे सांगायला पुढे सरसावला, पण महाराजांनी त्याला थांबवले. शेठजी वळले, चालत त्या माणसांपाशी गेले आणि पहिल्या बाईसमोर उभे राहिले.

"बाई, तुमचं नाव काय?"

"झेलू."

मग ते दुसऱ्याकडे गेले, मग तिसऱ्याकडे. न्यायाधीशांनी घाई केली नाही. सुनावणी संपेपर्यंत कोणालाही हलवू नये, असा हुकूम त्यांनी दिला. सुनावणीचे पुढे काय होणार, हे त्या सकाळी कोणालाच ठाऊक नव्हते. पण महाराजांनी आपल्याला का थांबवले, हे शिष्याला कळले.

तुमच्या देवस्थानाच्या अन्नदानाला तुम्ही हातभार लावत असाल तर जरूर लावा, फक्त एकदा चौकशी करा, जेवून उठलेली माणसे नंतर कुठे गेली.