तेल पाजलेला मुद्गल

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजा कोण होता हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि त्यानं काही अडतही नाही.

एका गावात आबा म्हणून एक गृहस्थ होते. बायको आणि एक मुलगी, एवढंच घर. आबांचं पोट सुटलं होतं आणि जिना चढताना धाप लागायची. गावात तालीम होती. पण तिथले वस्ताद नव्या माणसाच्या हातात आधी फिरवायला लाकडी मुद्गलांची हलकी जोडी द्यायचे. पोरांसमोर हलकी जोडी उचलायची, हे आबांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी सुताराकडून सगळ्यात जड मुद्गल करून घेतला आणि माजघरात उभा केला.

फिरवला मात्र नाही. मुद्गल म्हणजे मारुतीचं शस्त्र, असं म्हणून दर शनिवारी त्याला तेल घालायचे, फूल वाहायचे आणि लांबून नमस्कार करायचे. आल्यागेल्याला दाखवायचे. वर्षभर तेल पिऊन त्याची मूठ आरशासारखी गुळगुळीत झाली.

एका शनिवारी पहाटे पारावर शेजाऱ्यानं विचारलं, "आबा, तुमचा मुद्गल घटलाय का हो? की तुम्ही वाढलाय?"

लोक हसले. आबा तडक घरी आले. मुलीनं नुकतंच शनिवारचं तेल मुठीला लावून ठेवलं होतं, त्यांच्याच सांगण्यावरून. बायको माजघरात जात्यावर दळत बसली होती. आबांनी मुद्गल खांद्यावर घेतला.

मुलगी म्हणाली, "आबा, मूठ ओली आहे. राखेनं पुसून देते, थांबा. आणि अंगणात फिरवा. इथं आई बसलीय."

"अंगणात? सगळ्या गल्लीनं बघायला? तू मला शिकवू नकोस. तुझ्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत मी."

पावसाळे पाहिले होते, हे खरं. मुद्गल एकदाही फिरवला नव्हता, हेही खरं. पण घरात वय मोजलं जायचं, दुसरं काही नाही.

"आई, तू तरी ऊठ तिथून."

"फिरवू दे गं त्यांना. एवढं दळण होऊ दे, उठतेच."

आबांनी एक फेरा घेतला, तो झाला. दुसऱ्या फेऱ्याला मुद्गल पाठीमागे गेला आणि मूठ हातातून सुटली. मुद्गल सरळ आईच्या उजव्या हातावर पडला. जातं थांबलं.

वस्ताद हाडंही बसवायचे. त्यांनी बांबूच्या कामट्या बांधल्या आणि विचारलं, "झालं कसं?"

आबा म्हणाले, "ही पोरगी मध्येच बोलली. माझं लक्ष उडालं."

बोलून काय होतं, हे मुलीनं आत्ताच पाहिलं होतं. बोलली ती आई. एवढ्या संसारात ती नवऱ्याला कधी खोटं पाडायला गेली नव्हती.

"ती आधी बोलली होती," ती म्हणाली. "मुद्गल नंतर सुटला."

वस्तादांनी आबांकडे पाहिलं. आबा छताकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी पीठ संपलं. मुलगी जात्याशी बसायला निघाली, तर आईनं तिला थांबवलं. "तू नको," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "दंड कमवायचे होते ना तुम्हाला? बसा."

आबा बसले. आधी दार लावून घेतलं. पण जात्याची घरघर दाराला थोडीच ऐकते? गल्लीला सगळं कळलं. शेजारी पारावरून विचारायचा, "आबा, आज बाजरी की ज्वारी?"

दळून दळून आबांचं पोट उतरलं आणि खांदे भरले. आईचा हात मात्र वाकडाच जुळला. त्या हातानं तिला पुन्हा कधी अंबाडा घालता आला नाही. रोज सकाळी मुलगी तिचे केस बांधायची आणि आबा समोर बसून दळायचे. चूक झाली असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

मुद्गल मुलीनं चुलीत घातला. वर्षभर तेल मुरलेलं होतं, चांगला जळला.

तात्पर्य: जे आपल्याला पेलत नाही आणि ज्याबद्दल कुणी सांगितलेलं आपल्याला चालत नाही, त्याचा घाव शेजारी बसलेल्यावर पडतो.