आजोबांना शहाणं करणारी स्क्रिप्ट

संगणक तापला की पंखा घरघरायचा, तेव्हाची गोष्ट. मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी. शेजारी तारखा सांभाळणारं जुनं पॅकेज, म्हणजे तयार सूचनांचं गाठोडं, होतं. त्याला सगळे आजोबा म्हणत. प्रोग्राम चालू असतानाच, आजोबांच्या फाईलला हात न लावता, मी त्यांच्यात वय मोजायचं माझं फंक्शन, म्हणजे हिशोबाची एक कृती, घातलं आणि गावभर सांगत सुटले, "आजोबांना मी शहाणं केलं!" वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवणाऱ्या स्क्रिप्टने विश्वास ठेवला आणि ती लोकांची वयं आजोबांनाच विचारू लागली.

सोमवारी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. वाढदिवसांची स्क्रिप्ट माझ्याआधी उठली, तिने आजोबांना कुणाचं तरी वय विचारलं आणि तिथेच कोसळली.

"आजोबा, माझं फंक्शन कुठंय?" मी ओरडले.

"पोरी, माझ्या फाईलमध्ये लिहिलंय तेवढंच घेऊन मी उठतो. तू तर नुसतं कानात सांगितलंस."

आता रोज सगळ्यांआधी उठून मी आजोबांना तेच पुन्हा शिकवते.