शलमोन डोहाच्या काठी गातो

एका गावात एक भोळा शलमोन होता. नाव शहाण्या राजाचं, पण राजानं अक्कल काही सोबत धाडली नव्हती. त्याची बायको मार्था. तिचा बाप्तिस्मा झालेला, याचा राहिलेला. त्यामुळं प्रभुभोजनाच्या रविवारी ती पुढं बसून भाकर आणि द्राक्षारस घ्यायची, आणि हा मागं पोरांत बसायचा. चाळिशीचा बाप्या! मार्थेला ते फार लागायचं.

पाळकसाहेब म्हणत, "शलमोन, विश्वास म्हणजे काय ते तुला कळू दे, लगेच नदीवर नेऊन, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतो."

एका रविवारी त्यांनी उपदेश केला, "तारण विश्वासानं होतं, कामानं नव्हे." शलमोन घरी आला आणि बाजेवर आडवा झाला. शेळीची धार काढली नाही, की विहिरीचं पाणी शेंदलं नाही. शेळी ओरडतेय, मार्था ओरडतेय.

"अहो, उठा की!"

"कामानं होत नाही, मार्थे. मी विश्वास ठेवून पडलोय."

मार्थेनं त्याला बखोटीला धरून पाळकसाहेबांपुढं उभं केलं. ते म्हणाले, "अरे, कृतीवाचून विश्वास मेलेला. उपाशी माणूस दिसला तर नुसता आशीर्वाद देऊन भागतं का? खाऊ घालावं!"

"आधी सांगायचं की," शलमोन म्हणाला.

पुढं उत्तम शुक्रवार आला, प्रभूच्या मरणाचा, उपासाचा दिवस. मंडळीतले वडील याकोबराव उपासानं कोमेजून, डोळे मिटून देवळात बसलेले. शलमोननं विचारलं, "पोटात काही आहे का?"

"कालपासून नाही रे."

झालं! यानं भाकरीचा तुकडा मिरचीच्या ठेच्यात बुडवला आणि त्यांच्या तोंडात कोंबला. याकोबरावांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मंडळीला वाटलं, प्रभूच्या दुःखानं रडतायत.

पाळकसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, कुणी असं व्याकूळ होऊन बसलेलं दिसलं, की आपणही गुडघे टेकावेत, डोळे मिटावेत!"

"आधी सांगायचं की."

चार दिवसांनी शेळी नदीच्या डोहात घसरली. फार व्याकूळ झाली बिचारी. शलमोननं काठावर गुडघे टेकले, डोळे मिटले. शेळी गटांगळ्या खातेय, हा डोळे उघडेना. शेवटी मार्था धावत आली, लुगडं खोचून पाण्यात शिरली. तोंडानं 'प्रभू, सांभाळ' आणि हातात शेळीचा कान. शेळी काठावर. मार्थेला याकरता कुणाचा उपदेश लागला नाही.

पाळकसाहेब थकून म्हणाले, "शलमोन, पाण्यात जीव दिसला, की आधी ओढावा. बाकीचं काठावर आल्यावर. एवढं तरी कळलं?"

"कळलं. पाण्यातला आधी ओढायचा."

"शाबास! ये रविवारी नदीवर."

मार्थेनं रात्रीच पांढरा सदरा धुऊन वाळत घातला. तिच्या पायाला भुई लागेना.

रविवारी सगळी मंडळी नदीवर. पहिला नंबर म्हाताऱ्या सगुणाबाईंचा, शलमोनचा दुसरा. पाळकसाहेब कमरेएवढ्या पाण्यात उभे. "पित्याच्या, पुत्राच्या..." म्हणत त्यांनी म्हातारीला पाण्याखाली नेलं मात्र, शलमोननं धाडकन उडी टाकली आणि सगुणाबाईंना अंबाड्याला धरून काठावर ओढलं.

"सोड मेल्या! मुडद्या!" सगुणाबाई किंचाळल्या. बाप्तिस्म्याच्या दिवशी शिव्या, तेही अर्ध्या बाप्तिस्म्यावर.

पाळकसाहेबांचा तोल गेला. "मूर्खा! ही बाप्तिस्म्याची जागा आहे! इथं कुणी पाण्याखाली गेलं, की हात लावायचा नाही! काठावर उभं राहून गीत म्हणायचं!"

"आधी सांगायचं की."

रागारागानं पाळकसाहेब वळले, शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि थेट डोहात गेले. एकदा खाली, एकदा वर.

"शलमोन! हात दे रे!"

शलमोननं खणखणीत गीत सुरू केलं. मंडळीला सवयच, दुसऱ्या कडव्याला सगळे साथीला.

मार्थाच तेवढी गायली नाही. ती पाण्यात शिरली. तोंडानं 'प्रभू, सांभाळ' आणि हातात पाळकसाहेबांचा कान. ओढून काठावर टाकलं. ते पालथे पडून पाणी ओकू लागले.

शलमोननं गीत नीट पुरं केलं. मग त्यांच्याजवळ गेला, वाकून हात जोडले.

"झाला एकदाचा तुमचा बाप्तिस्मा, पाळकसाहेब! आता येत्या प्रभुभोजनाला तुम्ही पुढं बसा. मी आहेच मागं, पोरांत."