दीड तासाच्या बरगड्या

"मग खरी बरगडी कुठली म्हणायची, बाबा? खड्ड्यातली, भट्टीतली का पिंपातली?"

हे त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. उमरशाबाबा तळहातावर तंबाखू मळत राहिला.

बाबा म्हणजे आमचा म्हातारा फकीर. टेकडीखाली पिराची मजार आहे, तिच्यामागं लिंबाखाली त्याचा तक्या, म्हणजे फकिराचा मठ. लोक पिराला नवसाचा बोकड बोलतात, त्या जेवणाला आम्ही कंदुरी म्हणतो. बोकडाच्या बरगड्या बाबाकडं येतात. तो त्या धुरावर भाजतो आणि येईल त्याच्या हातावर ठेवतो. मी सिद्राम, त्याला लाकडं घालतो. म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

विचारणारा दिगंबर कोथमिरे, बार्शीकडचा. हायवेला मटणाची खानावळ. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं. स्वयंपाक्याला दोन पेनं कशाला लागतात देव जाणे. आल्या आल्या त्यानं माझ्या लाकडांना नावं ठेवली. बाभूळ ओली आहे म्हणाला. ओली तुझी अक्कल, असं तोंडावर आलं होतं, पण बाबासमोर गिळलं.

"कुणासाठी पायजेत?" बाबानं विचारलं.

"आण्णांसाठी. माझे वडील. अंथरुणाला खिळलेत, अन्न सुटलंय. एकच मागितलं त्यांनी. म्हणाले, दिगू, धुरावरची एक बरगडी खाऊ घाल."

"मग?"

"मग काय बाबा! त्यांनीच मला हे काम शिकवलं. त्यांची जीभ म्हणजे तराजू. घास तोंडात गेला की चूक सांगतात. त्यांना काहीतरी ऐरंगैरं घालू का मी? उदगीर बघितलं, बिदर बघितलं, पार हैदराबादला जाऊन आलो. कोण म्हणतं मंद आचेवर दिवस काढा. कोण म्हणतं मोठा विस्तव, दीड तास, संपला विषय. कोण खड्ड्याचं सांगतं, कोण पिंपाचं. मला एकदा खरं काय ते कळू दे."

"किती दिवस झाले निघून?"

"आज नववा."

बाबानं तंबाखू दाढेला धरली.

"तिन्ही आहेत इथं. लाव तिन्ही. विस्तव मोठा ठेव."

त्या दिवशी कंदुरी होती, पण तिला कंदुरी म्हणायला जीभ रेटत नव्हती. एक म्हातारा आणि त्याची भावजय, एवढेच. बायकोला बरं वाटू दे म्हणून त्यानं बोकड बोलला होता. बायको भाद्रपदात गेली. तरी तो बोकड घेऊन आला. बोललेलं फेडावं लागतं. तो मजारीच्या पायरीवर टोपी मांडीवर घेऊन बसला होता, आणि त्याच्याकडं बघवत नव्हतं.

दिगंबरानं मात्र बाह्या सारल्या आणि कामाला लागला. काम येत होतं त्याला, खोटं कशाला बोलू? बरगड्यांची आतली पातळ चामडी फडक्यानं धरून एका ओढीत काढली. मीठ, हळद, लसूण चोळला. एक भाग खड्ड्यातल्या जाळीवर ठेवून वर पत्रा टाकला, कडेनं माती दाबली. एक मातीच्या भट्टीत सारला. तिसरा डिझेलच्या जुन्या आडव्या पिंपात, निखारे एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला.

मग सुरू झाली त्याची चुळबुळ.

पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच त्यानं पिंपाचं झाकण उचललं. भपकन धूर आणि आतली धग बाहेर आली.

"झाकण उघडलंस," बाबा म्हणाला. "दहा मिनिटं गेली."

"बघायला नको का, बाबा?"

"बघून काय शिजतं?"

थोड्या वेळानं त्यानं भट्टीचं दार सरकवलं. मग पुन्हा पिंप. पुढं तर खड्ड्याची मातीच उकरली.

"उघडलंस," बाबा दर वेळी म्हणायचा. "गेली दहा मिनिटं."

मधेच दिगंबराचा फोन वाजला. त्यानं बघितला आणि बंद केला.

"कोण?"

"बायको. सकाळपासून चाललंय तिचं. हे उतरवतो, मग करतो तिला."

बाबानं निखारे सारले. मला मात्र राग आला. अरे, उचलून कानाला लावायला किती वेळ लागतो? पण मी पडलो लाकूडवाला, मला कोण विचारतो.

दीड तासाचं काम दोन तासांवर गेलं. शेवटी त्यानं तिन्हीकडच्या बरगड्या काढून पत्रावळीवर मांडल्या. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, पण तोंड फुललं होतं. एकेक तुकडा तोडून त्यानं चाखला.

"खड्ड्यातली मऊ, पण मातीचा वास धरलाय. भट्टीतली कडेनं कडक. पिंपातली बेस्ट, रस आतल्या आत राहिलाय. मोठ्या विस्तवाला पिंपच पायजे. बरोबर ना, बाबा?"

"झाल्यात हे कशावरून ओळखलंस?"

दिगंबर हसला. हा प्रश्न त्याला पोरखेळ वाटला असावा.

"त्याला घड्याळ लागत नाही. आण्णांनी शिकवलंय. शिजायला लागलं की मांस हाडावरनं मागं सरतं. टोकाला बोटाच्या पेराएवढं हाड उघडं पडलं की काढायचं. मग क्षणभर थांबायचं नाही. थांबला तो हुकला."

बाबानं मान हलवली. मग कफनीची बाही वर सारली आणि आपला हात पत्रावळीवर, त्या बरगड्यांच्या शेजारी ठेवला. म्हाताऱ्याच्या हातावर उरलं होतं काय! कातडी, आणि मनगटाचं वर आलेलं हाड.

"निघालास तेव्हा बापाचा हात धरला होतास?"

दिगंबर त्या हाताकडं बघत राहिला.

"धरला होता."

"मनगट कसं होतं?"

दिगंबरानं नजर बरगड्यांवर नेली.

"बोल."

"हाड... हाड दिसत होतं, बाबा."

पायरीवरच्या म्हाताऱ्यानं मान वर केली. त्याला ऐकू गेलं असावं. भावजय पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघायला लागली.

दिगंबराचं तोंड पार उतरलं. हातातली बरगडी त्यानं खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मघापासून मी त्याच्यावर चिडलो होतो, पण आता मला त्याच्यावर रागावता येईना. नऊ दिवस हा माणूस बापावरच्याच मायेनं गावोगाव हिंडला होता, आणि बाप तिकडं एका तुकड्यासाठी दाराकडं डोळे लावून होता.

"ह्यातल्या नेऊ का?" त्यानं विचारलं. "पिंपातल्या नेतो. फडक्यात बांधून... बार्शीपर्यंत पाच तास लागतात."

"पाच तासांनी काय राहील?"

"गार. चिवट."

"घरी चूल आहे?"

"आहे. मागच्या अंगणात आहे. आण्णांचीच, दगडाची. वरनं पाटी पालथी घालून धूर कोंडायचे ते. तीत कुठलं आलंय नीट भाजणं... दोन्ही बाजूंनी धूर गळतो, बाबा."

"तिच्यातल्याच मागितल्या होत्या ना त्यानं?"

दिगंबर खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. खिशातलं एक पेन मातीत पडलं, ते त्यानं उचललंही नाही.

बाबानं पत्रावळ उचलली आणि पायरीवरच्या म्हाताऱ्यापुढं नेऊन ठेवली. म्हाताऱ्यानं एक बरगडी हातात घेतली, पण खाल्ली नाही. नुसता धरून बसला.

"ऊठ," बाबा परत येऊन दिगंबराला म्हणाला. "फाट्यावर तीनची गाडी आहे."

तो उठला. पिशवी घेतली. फोन काढून चालू केला, आणि स्क्रीनकडं बघत तसाच उभा राहिला. बायकोचे सात फोन येऊन गेले होते. त्याचा अंगठा तिच्या नावावर होता, पण दाबायचं धाडस होत नव्हतं.

मी म्हणालो, "चला, मी सोडतो फाट्यापर्यंत." मोटारसायकल सुरू केली. तो मागं बसला. बाबा भट्टीतले निखारे काठीनं विसकटत होता, त्याची आमच्याकडं पाठ होती.

दिगंबर बसल्या जागेवरनं ओरडला, "बाबा! मी जाईपर्यंत... आण्णा असतील ना?"

बाबानं मागं वळून बघितलं नाही.

"उघडलंस परत झाकण," तो म्हणाला.