पिठाचे गहू

पंधरा दिवसांत नफा दाखवा, नाहीतर कंपनीला कुलूप लावा, असं मालशे साहेबांनी मला सांगितलं. वर तीन अटी घातल्या. दळणाचा भाव वाढवायचा नाही, एकही माणूस कमी करायचा नाही आणि नवा पैसा मागायचा नाही.

आमची कंपनी 'दळणदूत'. मोबाइलवर बटण दाबलं की आमचा माणूस घरून गहू नेणार आणि तासाभरात पीठ आणून देणार. कोपऱ्यावरच्या गिरणीचा जमाना आता संपला, असं मी पुण्यातल्या एका परिषदेत माइकवरून जाहीर केलं होतं. तोवर मी स्वतः गिरणीची पायरी चढलो नव्हतो.

कंपनीत पैसा घातला होता तो याच मालशे साहेबांनी. चार वर्षांपूर्वी ते चपला घालून आले आणि कॉफी संपायच्या आत हो म्हणाले. मी भीत भीत नफ्याचं विचारलं, तर म्हणाले, नफा दुकानदार बघतात, तुम्ही वाढ बघा. मला ते इतकं आवडलं की मी भिंतीवर लिहून घेतलं. मग नेणं-आणणं फुकट केलं. पाव किलो नाचणीसाठीही स्कूटर धाडली. आता वारं फिरलं होतं. साहेब कडक इस्त्रीत येत आणि बसायच्या आधी नफा विचारत.

यावर उपाय म्हणून मी बासष्ट स्लाइड्स केल्या. पंधरातले चार दिवस कोणता निळा रंग घ्यावा यात गेले. इकडे चाळीस माणसांची नोकरी टांगणीला लागली होती.

त्यांतलीच एक शेवंता खैरे. हडपसरच्या शेडमधली आमची चक्की ती चालवायची. तिच्या वडिलांची सासवडला गिरणी होती, अकरा शेजाऱ्यांनी भिशीच्या पैशातून उभी करून दिलेली. ती एक दिवस माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, साहेबांना ऑफिसात नको, शेडमध्ये बोलवा. मी स्लाइड्स तयार असल्याचं सांगितलं. तिने त्या शांतपणे पाहिल्या आणि पुन्हा म्हणाली, शेडमध्येच बोलवा.

पंधराव्या दिवशी मालशे साहेब आले. शेवंताने चक्की बंद केली आणि पिठाने भरलेली परात त्यांच्यापुढे ठेवली.

"साहेब, नफा आत्ताच दाखवते. तुम्ही तेवढे या पिठाचे गहू करून द्या."

साहेबांनी परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दाराकडे पाहिलं.

"दळलेल्याचे गहू कसे होतील?" ते म्हणाले.

"तेच म्हणते मी. चार वर्षं तुम्हीच सांगत होतात, दळा, अजून दळा. आमच्या सरांनी ते खरं मानलं आणि सगळं दळून टाकलं. आता पंधरा दिवसांत ते अख्खं कुठून आणायचं?"

चाळीस माणसं हातातलं काम टाकून भोवती जमली होती. साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. झालं ते झालं, पण पुढे काय करशील, असं त्यांनी तिला विचारलं.

तिचं उत्तर तयार होतं. प्रत्येक सोसायटीला एक वार ठरवून द्यायचा. स्कूटरच्या साठ फेऱ्यांऐवजी एक टेम्पो साठ डबे आणेल. स्कूटरवाली पोरं तेच डबे घरोघर चढवतील, कुणाला काढायला नको. हातात सहा महिने मिळाले तर भाव न वाढवता पैसे उरतील.

"पण लोक थांबतील का?"

"पीठ आठवडाभर पुरतं, साहेब. ते तासाभरात कुणालाच नको होतं. फक्त आमच्या सरांना हवं होतं."

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी सहा महिन्यांऐवजी वर्ष दिलं, सगळा कारभार शेवंताच्या हाती सोपवला आणि कंपनीत तिला हिस्साही कबूल केला.

मी हळूच विचारलं, आणि माझं काय? साहेबांनी शेवंताकडे पाहिलं.

"सरांना राहू द्या," ती म्हणाली. "उद्या तुमच्यासारखे दुसरे साहेब येतील, ते आणखी तिसरंच काहीतरी मागतील. त्यांच्याशी बोलायला कुणीतरी लागेलच ना."

मालशे साहेब इतके हसले की परातीतलं पीठ उडून त्यांचा इस्त्रीचा शर्ट पांढराफटक झाला. माझी नोकरी मात्र वाचली.