चुन्यातली परी आणि गवंड्याचं नाव

नवलगावात एक ना दोन, चांगली एकवीस घरं अशी होती, की बघणाऱ्यानं बघतच राहावं. दुधासारख्या पांढऱ्या भिंती, घोटून घोटून इतक्या गुळगुळीत केलेल्या की त्यांत आपला चेहरा दिसावा! कमानींवर चुन्याचे पोपट, चुन्याची द्राक्षं, इवल्या इवल्या चुन्याच्या कळ्या. ही सारी घरं एकाच गवंड्याच्या हातची. आणि तो गवंडी राहायचा कुठं? गावाबाहेर, कुडाच्या झोपडीत. पावसाळ्यात तिथं सात ठिकाणी भांडी मांडावी लागत.

त्याची लेक सोनकी, नऊ वर्षांची. आई नव्हती. एकविसाव्या घरासाठी भिजत घातलेला कळीचा चुना एकदा उकळून उसळला आणि बाबांच्या दोन्ही डोळ्यांत उडाला. तेव्हापासून बाबा चाचपडत चालायचे. पुढं ते घर पुरं झालं, वास्तुशांत झाली, पंगतींवर पंगती उठल्या. गवंड्याला बोलवायचं मात्र राहून गेलं. राहून गेलं हो, दुसरं काय!

एका दुपारी सोनकी त्याच घरामागच्या बागेत काटक्या वेचत होती. चुन्याच्या हौदात काहीतरी फडफडलं. पाहते तर काय, बोटाएवढी परी! अभ्रकाचे चमचमते पंख, चांदीचा चिमुकला झगा, आणि बिचारी कमरेपर्यंत चुन्यात रुतलेली. चुना बोटं खातो, हे गवंड्याच्या पोरीला कुणी सांगायला नको होतं. तरी तिनं हात घातला. परीला अलगद वर काढलं, ओंजळीओंजळीनं पाणी घालून धुतलं. सोनकीची बोटं लालबुंद होऊन सोलवटली.

"माग बाळ, काय हवं ते माग," परी म्हणाली.

"माझ्या बाबांचे डोळे!"

परीचा चेहरा उतरला. "आपल्या माणसासाठी आपणच मागायचं नाही, असा आमचा नियम आहे गं. ज्याचं घर तुझ्या बाबांनी बांधलं, अशा कुणीतरी मागायला हवं. तेही बाबांचं नाव घेऊन. ते नाव तू सांगायचं नाहीस, दुसऱ्या कुणीही सांगायचं नाही. सूर्य बुडेपर्यंत तीन दारं ठोठाव. चौथं नाही."

सोनकी खुदकन हसली. "एवढंच? अगं, वीस वर्षं बाबा याच घरांमधून राबलेत!"

भोळं गं लेकरू.

परीला खांद्यावर बसवून ती धावत सुटली. पहिलं दार नानासाहेब वकिलांचं. दारावर त्यांचंच नाव, चुन्याच्या ठसठशीत अक्षरांत. बाबांना वाचता येत नव्हतं. कागदावर काढून दिलेलं बघून, तीन दिवस परांचीवर उकिडवं बसून त्यांनी ते घडवलं होतं.

"मागतो की! त्यात काय?" नानासाहेब म्हणाले. "आमच्या गवंड्याचे डोळे परत येऊ देत."

"नाव?" परीनं विचारलं.

"नाव... आम्ही गवंडीच म्हणायचो. तुझ्या बापाचं नाव तूच सांग ना, पोरी!"

सोनकीनं ओठ घट्ट मिटून घेतले.

दुसरं दार गुरुजींचं. गुरुजींना सगळे राजे तोंडपाठ. कोणता किल्ला कोणी बांधला, कोणत्या साली, विचारून तर बघा! पण ज्या भिंतीला टेकून ते बसले होते, ती कोणी बांधली? गुरुजींनी डोकं खाजवलं, चार वह्या उलटसुलट केल्या. "धोंडिबा का गं... नाही, मारुती?" परीनं मान हलवली.

तिसऱ्या दारी पोहोचेतो सूर्य डोंगराला टेकला होता. हे घर मथुराकाकूंचं. काकू मोठ्या मायाळू. घर बांधलं त्या सात महिन्यांत रोज दुपारी त्यांनी बाबांच्या हातावर भाकरी-कालवण ठेवलं होतं. उंबऱ्याबाहेर, पण न चुकता. सोनकीचं ऐकून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"मागते गं बाई, आत्ता मागते!" काकूंनी हात जोडले. तोंड उघडलं. आणि तशाच राहिल्या.

"आठवा ना हो, काकू!"

"अगं, मी त्याला 'बाबा रे' म्हणून हाक मारायची. सात महिने जेवू घातलं, आणि नाव नाही विचारलं. जळलं मेलं माझं लक्षण!"

सूर्य बुडाला. सोनकी उंबऱ्यावर बसून हुंदके देऊ लागली.

परीही रडली. "नियम मला मोडता येत नाही, राणी. पण माझ्यासाठी तुझी बोटं भाजली. तेवढ्याचं देणं मला देता येतं." तिनं त्या बोटांवर हळूच फुंकर घातली, आणि जखमा मिटल्या. मग ती उंच उंच उडाली. गुलाबी, सोनेरी, मोरपंखी उजेड गावभर सांडला, आणि त्या उजेडातच परी विरून गेली. एकवीसही घरांच्या दाराशेजारी भिंतीवर अक्षरं उमटली: 'येसाजी धोंडाजी गवंडी यांनी बांधले.'

लोक बाहेर आले. "अस्सं होय याचं नाव!" नानासाहेब म्हणाले. गुरुजींनी वहीत टिपून घेतलं. मथुराकाकू नाव घेऊन मागू लागल्या, घसा फुटेस्तोवर, पुन्हा पुन्हा. ऐकायला परी होती कुठं?

सोनकीनं बाबांना हाताला धरून काकूंच्या भिंतीपाशी आणलं. त्यांनी बोटं फिरवली.

"हाताला अक्षरं लागतायत," बाबा म्हणाले. "गिलावा ओला असतानाच कोरलीत. हात चांगला आहे कुणाचा तरी. घर कुणाचं गं हे?"

"मथुराकाकूंचं."

"मग त्यांचंच नाव असणार." आपला हात लागून अक्षरं मळतील म्हणून त्यांनी तो झटकन मागं घेतला.

"नाही, बाबा," सोनकी म्हणाली. तिनं त्यांचा हात पुन्हा धरला आणि पहिल्या अक्षरावर ठेवला.

गोष्ट सरली. आता उठा, घरी जा, आणि आपल्या भिंती कोणी उभ्या केल्या ते विचारा. उजेड आहे तोवर विचारा.